बाळंतपणाआधीची मालिश: घाण्याचे तीळतेल आणि इतर काही तेले

बाळंतिणीची मालिश, शेक-शेगडी आणि ओवा-शेपाची धुरी यांबद्दल नागपुरातल्या प्रत्येक घरात कोणीतरी अधिकाराने बोलते. बाळंतपणाच्या आधीच्या मालिशीबद्दल मात्र 'पाय दुखत असतील तर थोडे तेल चोळून घे' यापलीकडे सहसा कोणी काही सांगत नाही. ही रिकामी जागा आता बाटल्यांनी भरली आहे. गरोदरपणासाठी खास म्हणून विकली जाणारी तेले औषधांच्या दुकानांत, आयुर्वेदिक केंद्रांत आणि मोबाइलवरच्या दुकानांत हारीने मांडलेली दिसतात, आणि पहिलटकरीण बाई घाबरलेली असल्यामुळे ती विकलीही जातात. मी शेवटच्या तिमाहीत नागपुरात सहज मिळणारी काही तेले अंगाला लावून पाहिली, मालिशवाल्या मावशींकडून आणि घरच्यांकडून मालिश करून घेतली, आणि प्रत्येक नवी गोष्ट सुरू करण्याआधी माझ्या डॉक्टर मॅडमना विचारले. पाठ, कंबर आणि पाय यांसाठी लाकडी घाण्याचे ताजे तीळतेल आणि बाळंतपणाच्या वाटेवरील नाजूक भागासाठी शुद्ध गोडे बदाम तेल, एवढ्यात काम भागते, असे माझे मत झाले आहे. महाग मिश्र तेलाची गरज मला कुठेही जाणवली नाही.

तीळतेल मी इतवारीतल्या एका घाण्यावरून आणले. दुकान अरुंद आहे, पुढे तेलाचे डबे आणि मागे घाणा. लाकडी उखळीत लाट फिरत असते आणि खालच्या तोटीतून तेल जवळजवळ थेंबाथेंबाने भांड्यात उतरते. नुकतेच काढलेले तेल गढूळ, पिवळट असते. ते दोन-तीन दिवस न हलवता ठेवले की गाळ तळाशी बसतो आणि वर मधासारख्या रंगाचे स्वच्छ तेल राहते. दुकानदारांनी मला गाळ बसलेला डबा दाखवूनच वरचे तेल काढून दिले आणि तीळ भाजलेले नाहीत, कच्चेच घातले आहेत, हे न विचारता सांगितले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण भाजलेल्या तिळाच्या तेलाला उग्र वास असतो आणि गरोदरपणात वासाने जीव कासावीस होतो. किंमत लिटरला ५०० रुपयांच्या आसपास पडली. पण घाण्यावर पाव लिटरही मिळते आणि एका वेळी तेवढेच घ्यावे, असे माझे सांगणे आहे.

या तेलाचा गुण असा की ते हाताखाली लवकर आटत नाही. खोबरेल पाठीवर एकदा हात फिरवला की जिरल्यासारखे वाटते आणि पुन्हा घ्यावे लागते. तीळतेल वाटीभर पुरते आणि हात न ओढता सरकत राहतो. पिंडऱ्यांत रात्री गोळे येण्याचा त्रास मला नवव्या महिन्याच्या तोंडाशी फार झाला. मालिशीने गोळे येणे थांबले असे मी म्हणणार नाही, पण झोपण्याआधी कोमट तेलाने घोट्यापासून गुडघ्याकडे हलक्या हाताने चोळून घेतले की पाय सैल पडत आणि झोप लागत असे. तेल थेट गॅसवर तापवू नये. गरम पाण्याच्या भांड्यात तेलाची वाटी ठेवली की दोन-चार मिनिटांत ते हवे तेवढे कोमट होते, आणि चटका बसण्याची भीती राहत नाही.

मालिशीसाठी आमच्या ओळखीतल्या एक मावशी घरी येत. महाल भागात त्यांनी मालिश न केलेले घर सापडणे कठीण. आल्या आल्या त्या हातांतल्या बांगड्या काढून रुमालात बांधत, नखांवरून अंगठा फिरवून पाहत, साबणाने कोपरापर्यंत हात धूत आणि तेलाचा थेंब स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिल्याशिवाय माझ्या अंगाला हात लावत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितले, "पोटाले हात नाही लावत मी, बाई. पाठ, कंबर न् पाय, एवढंच. अन् कुठं दुखलं त लगेच सांगा मले." मला त्यांच्या या एका वाक्याने जेवढा विश्वास वाटला तेवढा कोणत्याही माहितीपत्रकाने वाटला नसता. काही ठिकाणी बाळ 'फिरवण्यासाठी' पोट चोळण्याची पद्धत अजून आहे. ती घातक आहे आणि कोणी कितीही अनुभवी असले तरी ते करू देऊ नये. बाळ आडवे किंवा पायाळू असेल तर काय करायचे हे सोनोग्राफी पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

मावशी मला डाव्या कुशीवर झोपवत. शेवटच्या महिन्यांत पाठीवर सरळ झोपले की गर्भाशयाचा भार पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो, चक्कर येते आणि बाळाकडे जाणारा रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो, म्हणून कूस महत्त्वाची. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटाखाली घडी घातलेली चादर आणि अंगाखाली आजीचे जुने सुती लुगडे, अशी व्यवस्था होती. लुगडे तेल पिते आणि धुतल्यावर पुन्हा मऊच राहते. गादीवरची चांगली चादर मात्र तेलाने कायमची जाते. एका पायाची पिंडरी दुसऱ्यापेक्षा सुजलेली, गरम, लाल किंवा दुखरी असेल तर तिथे मालिश मुळीच करायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे, कारण पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोके ठणकू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून आधी रक्तदाब मोजून घ्यावा.

पोटावरच्या कातडीला मी स्वतःच, दाब न देता, तेल लावत असे. यामागे माझ्या मनात पोटावर ताणाचे वळ (स्ट्रेच मार्क्स) उमटू नयेत अशी आशा होती, आणि बाटल्यांवरही तेच आश्वासन ठळक अक्षरांत असते. या विषयावरच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ साली कोक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. ऑलिव्ह तेल, कोको बटर किंवा तत्सम लेपांनी वळ येणे टळते असे त्यात दिसले नाही. माझ्याही पोटाच्या खालच्या भागात वळ उमटलेच. तेलाने ताणलेल्या कातडीची कंड आणि कोरडेपणा मात्र नक्की कमी झाला, आणि नागपूरच्या डिसेंबरातल्या कोरड्या हवेत तेवढे सुखही पुष्कळ आहे. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. अंगावर पुरळ नसताना तळहात आणि तळपाय यांना, विशेषतः रात्री, असह्य खाज सुटत असेल तर तेल लावत बसू नये. ती यकृताशी संबंधित तक्रार असू शकते, तिचे निदान रक्ताच्या तपासणीने होते आणि त्याचा बाळाच्या सुरक्षिततेशी थेट संबंध असतो.

कंबरेसाठी काही आठवडे क्षीरबला तैल वापरले. तीळतेल, चिकणा या वनस्पतीचे मूळ आणि गाईचे दूध एकत्र सिद्ध करून हे तेल तयार करतात. वैद्यांच्या परंपरेत वाताच्या दुखण्यांसाठी त्याला मान आहे. बहुतेक आयुर्वेदिक औषधालयांत ते मिळते. तेल दाट आहे, चोळताना हाताला वजन जाणवते आणि कंबरेला बरे वाटते. पण त्याला उकळलेल्या दुधाचा जडसर वास आहे आणि कपड्यांवर पिवळे डाग राहतात. साध्या तीळतेलापेक्षा त्याने मला निराळा आराम पडला असे सांगता येत नाही. ज्यांना तो वास आवडतो त्यांनी वैद्यांना विचारून जरूर वापरावे. मी बाटली संपल्यावर पुन्हा आणली नाही.

आता ज्या भागाबद्दल आपल्याकडे बोलायला संकोच वाटतो त्याबद्दल. योनिमार्ग आणि गुदद्वार यांच्या मधला भाग बाळाचे डोके बाहेर येताना ताणला जातो, फाटतो, किंवा डॉक्टर तिथे छेद घेतात आणि मग टाके पडतात. पहिल्या बाळंतपणात 'खालचे टाके' ही गोष्ट आपल्या बायकांनी इतकी गृहीत धरलेली असते की त्याआधी काही करता येईल हेच कोणी सांगत नाही. या भागाची आतून तेल लावून मालिश करण्याचा अभ्यास झालेला आहे, आणि बाळंतपणाआधीच्या मालिशीतला भक्कम पुराव्याचा भाग माझ्या मते हाच आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात केलेली आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेली चाचणी प्रसिद्ध आहे. तिच्यात स्त्रियांनी ३४व्या-३५व्या आठवड्यापासून गोड्या बदाम तेलाने रोज १० मिनिटे ही मालिश करायची होती. योनिमार्गाने प्रथमच प्रसूत झालेल्या स्त्रियांपैकी मालिश करणाऱ्यांत २४.३ टक्के जणींचा तो भाग अखंड राहिला. न करणाऱ्यांत हे प्रमाण १५.१ टक्के होते. ज्यांचे आधी एक बाळंतपण योनिमार्गाने झाले होते त्यांच्यात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे कोक्रेनने चार चाचण्यांतील २,४९७ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली तेव्हा असे दिसले की साधारण १५ जणींनी मालिश केली तर त्यांतल्या एकीचे टाके टळतात. हा फायदा मर्यादित आहे, खात्रीचा नाही. तरीही काही रुपयांच्या तेलात आणि थोड्या धीरात मिळत असेल तर तो मला फार मोलाचा वाटतो.

याच कामासाठी मी गोडे बदाम तेल निवडले. युनानी औषधांच्या दुकानांत ते 'रोगन बादाम शिरीन' या नावाने मिळते आणि काही घाण्यांवर पुढ्यात बदाम पिळूनही देतात. त्याला जवळजवळ वास नसतो, ते पातळ असते, आणि थंडीत गोठत नाही. लिटरमागे किंमत मोठी आहे, पण एका वेळी चमचाभर तेलही पुरेसे होते; १०० मिलिलिटरची बाटली बाळंतपणापर्यंत संपली नाही. घेताना एक गोष्ट पारखून घ्यावी: 'बदाम' असे नाव आणि बदामाचे चित्र असलेली केसांची कित्येक तेले प्रत्यक्षात मुख्यतः खनिज तेलाची असतात. घटकांच्या यादीत 'लाइट लिक्विड पॅराफिन' किंवा 'मिनरल ऑइल' दिसले, किंवा 'सुगंध' असा शब्द दिसला, की ती बाटली या कामासाठी बाद. कडू बदामाचे तेल तर चुकूनही घेऊ नये. सुकामेव्याची ॲलर्जी असलेल्या बाईने बदाम तेलाच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनीही थेंबभर तेल कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहावी.

पद्धत डॉक्टर मॅडमनी चित्र काढून समजावून सांगितली. नखे कापायची, हात साबणाने धुवायचे, उश्यांना टेकून अर्धवट पडायचे, गुडघे दुमडून सैल सोडायचे. अंगठ्याला तेल लावून तो सुमारे तीन सेंटिमीटर आत ठेवायचा, खाली गुदद्वाराच्या दिशेने आणि मग दोन्ही बाजूंना सावकाश दाब द्यायचा, जळजळल्यासारखे किंवा मुंग्या आल्यासारखे वाटले की तिथेच थांबून मिनिट-दोन मिनिटे श्वास सोडत राहायचे, आणि मग घड्याळाच्या लंबकाप्रमाणे खालच्या अर्ध्या भागात अंगठा हळूहळू फिरवायचा. वरच्या बाजूला, मूत्रमार्गाच्या दिशेने, दाब द्यायचा नाही. सुरुवातीला हे अवघड जाते, कारण पोटामुळे हात पुरत नाही. अशा वेळी नवऱ्याची मदत घेण्यात लाज वाटायचे कारण नाही. दुखणे हे सहन करण्याचे लक्षण नाही, थांबण्याचे आहे. कोक्रेनच्या आढाव्यात आठवड्यातून एक-दोनदा मालिश करणाऱ्या स्त्रियांतही फायदा दिसला होता, तेव्हा एखादा दिवस चुकला म्हणून जिवाला लावून घेऊ नये. मला स्वतःला जो लाभ सर्वांत मोठा वाटला तो चाचण्यांच्या आकड्यांत मोजलेला नाही: ताण आला की अंग आखडण्याऐवजी श्वास सोडून सैल होण्याची सवय लागली, आणि कळा देताना तीच कामी आली.

वार (प्लासेंटा) खाली असेल, रक्त जात असेल, पाणी जात असेल, त्या जागी जंतुसंसर्ग किंवा फोड असतील, किंवा मुदतीपूर्व प्रसूतीची भीती डॉक्टरांनी सांगितली असेल, तर ही मालिश करायची नाही. ३४ आठवड्यांच्या आधी सुरू करण्याची घाईही करू नये.

आयुर्वेदातही नवव्या महिन्यात याच मार्गाला स्निग्ध करण्याचा विचार आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मधुर औषधांनी सिद्ध केलेल्या तेलाचा अनुवासन बस्ती, म्हणजे गुदमार्गाने दिलेले तेल, आणि त्याच तेलात भिजवलेला पिचू, म्हणजे कापसाचा बोळा, सांगितला आहे. इतक्या जुन्या काळी प्रसूतीच्या वाटेचा असा विचार झाला होता याचा मला मनापासून आदर वाटतो. पण घरी कापसाचा बोळा तेलात बुडवून आत ठेवणे धोक्याचे आहे. कापूस, तेल आणि हात तिन्ही निर्जंतुक नसतील तर संसर्ग थेट बाळाच्या दारापर्यंत जातो. ज्यांना हा उपचार करायचा आहे त्यांनी सक्करदरा भागातील शासकीय आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी, प्रसूतिशास्त्र शिकलेल्या वैद्यांच्या देखरेखीखाली, आणि आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कानावर घालूनच करावा. एरंडेलाबद्दलही असेच. कळा सुरू व्हाव्यात म्हणून नवव्या महिन्यात एरंडेल पाजण्याचा सल्ला मला एकाहून अधिक वडीलधाऱ्या बायकांनी प्रेमाने दिला. एरंडेलाने जुलाब आणि उलट्या होतात, अंगातले पाणी कमी होते, आणि बाळंतपणाच्या वेळी लागणारी ताकद आधीच संपते. ते पोटात घेऊ नये.

खोबरेल तेल चांगलेच आहे, घरात असतेही. उन्हाळ्यात मी तेच वापरले असते. नागपूरच्या थंडीत मात्र ते बाटलीत दगडासारखे गोठते आणि रोज वितळवत बसावे लागते. जवसाचे तेल विदर्भात सहज मिळते, पण हवा लागली की ते चिकट होऊन लवकर खवट होते, आणि वासही उग्र. जवसाची चटणी भाकरीबरोबर खावी. मालिशीसाठी ते तेल नको.

गरोदरपणासाठी खास म्हणून विकत घेतलेल्या मिश्र तेलाबद्दल मात्र मला तक्रार नोंदवायची आहे. शहरातल्या एका केंद्रातून ते घेतले. १०० मिलिलिटरला ७०० रुपये. बाटलीवर घटकांची पूर्ण यादी नव्हती, 'अठरा दिव्य वनौषधी' एवढेच लिहिले होते, आणि ते देणाऱ्या ताईंनी 'नॉर्मल डिलिव्हरी होणारच' असे छातीठोकपणे सांगितले. तेलाला फुलांचा इतका तीव्र वास होता की खोलीत बसवेना, आणि दुसऱ्या वापरानंतर मांड्यांवर लाल पुरळ उठले. यादी नसल्यामुळे कशाने उठले हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. सुगंधी अर्कांपैकी काही गरोदरपणात टाळायचे असतात. म्हणून यादी नसलेली बाटली घेणे म्हणजे डोळे मिटून औषध घेणे आहे. आणि कोणत्याही तेलाने बाळंतपण सुलभ होण्याची हमी देता येत नाही. सिझेरियन करावे लागलेल्या बाईला पुढे 'आपण मालिश नीट केली नाही' असे वाटायला लावणारी ही भाषा आहे, आणि ती विकणाऱ्यांनी बंद केली पाहिजे.

माझी प्रसूती योनिमार्गाने झाली. छेद घ्यावा लागला नाही. थोडे फाटले आणि काही टाके पडले, ते लवकर भरले. मालिश केली नसती तर काय झाले असते हे एका बाळंतपणावरून ठरवता येत नाही. प्रसूतीच्या वेळी डॉक्टर आणि सिस्टर यांनी त्या भागावर गरम पाण्यात भिजवलेले कापड धरले, घाई केली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली दिलेल्या प्रसूतीविषयक शिफारशींत असा गरम शेक आहे, आणि सरसकट छेद घेऊ नये असेही आहे. तेव्हा आपल्या रुग्णालयात याबाबत काय पद्धत आहे हे आठव्या महिन्यातच विचारून ठेवावे. सरकारी असो की खासगी, हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

मालिशीनंतर न्हाणीघरात जाण्याआधी तळपाय कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत, तेलकट पायाने फरशीवर घसरण्याचा धोका पोट पुढे आले की आणखी वाढतो. तेल काचेच्या गडद बाटलीत, चुलीपासून आणि खिडकीपासून दूर ठेवावे. नाजूक भागासाठीची बाटली वेगळी ठेवून तीत बोट किंवा चमचा न घालता तेल तळहातावर ओतून घ्यावे. आणि घाण्यावरून तेल घेताना ते कधी काढले ती तारीख विचारून बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावी, म्हणजे वास बदलला की जुने कोणते आणि ताजे कोणते हा घोळ होत नाही.